गॉगल काढल्यावर मान वर आली

"सर, म्युनिकला मला रौप्य मिळालं असतं."

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या १०० मीटर फ्रीस्टाइलचा निकाल माझ्याकडे पोहणाऱ्या एका पोराच्या हाती लागला होता. मार्क स्पिट्झ ५१.२२, जेरी हायडनराइक ५१.६५, व्लादिमीर बुरे ५१.७७. याचं स्वतःचं मोसमातलं सर्वोत्तम टायमिंग ५१.४. बरोबर पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे बसतं. विशीतल्या मुलाला तेवढं पुरतं.

मी म्हटलं, "मिळेल की. स्पिट्झकडे यातलं काही नव्हतं, तर आधी ब्लॉकची, म्हणजे सूर मारायच्या ओट्याची, मागची फळी काढ, गॉगल काढ, पाण्याखालची किक सोड. मग बोलू."

स्पर्धा नुकती संपली होती, सरावाचा मोठा सेट नव्हता, एक लेन रिकामी होती. चेष्टेत बोललो होतो ते करूनच पाहायचं ठरलं.

सगळं काढून १०० मीटर पोहायला लावायचं आणि घड्याळ बघायचं, ही यातली सगळ्यात निरुपयोगी पद्धत. पूर्ण ताकदीने १०० मारल्यावर पोहणारा त्या दिवशी पुन्हा तसाच पोहत नाही, आणि आपण शोधतो आहोत ते फरक सेकंदाच्या दोन-तीन दशांशांचे. ते थकव्यात वाहून जातात. म्हणून शर्यतीचे तुकडे पाडले. सूर ते १५ मीटर, १५ ते ४५ मधलं पाणी, ४५ ते ६५ टर्न (५० ला भिंतीवरून वळणं), पुढे पुन्हा मधलं पाणी आणि शेवटचे ५ मीटर. प्रत्येक तुकडा वेगळा, मधे दहा मिनिटं हळू पोहणं.

हातातलं स्टॉपवॉच वापरलं नाही. बोट उशिरा चालू करतं आणि शेवट आधीच दिसत असल्याने वेळेवर बंद करतं, त्यामुळे हाताची वेळ साधारण दोन दशांशांनी कमी येते. म्हणजे शोधायचं तेवढीच चूक. कॅमेरा तलावाच्या कडेला, बरोबर १५ मीटरच्या खुणेसमोर काटकोनात ठेवला. लेनच्या दोन्ही दोऱ्यांवरच्या वेगळ्या रंगाच्या चकत्या एकमेकींआड आल्या की कॅमेरा सरळ आहे. सेकंदाला ६० फ्रेम, आणि डोकं रेषा ओलांडतं ती फ्रेम मोजायची. पाण्याचा फेस उडाला की दोन-तीन फ्रेमचा संशय राहतोच, म्हणून मी दशांशाच्या पुढे गेलो नाही. (म्युनिकला ४०० मीटर मेडलेचं सुवर्ण हजारांशावर दिलं गेलं. गुन्नार लार्सन ४:३१.९८१, टिम मॅकी ४:३१.९८३. तेवढ्या वेळात पोहणारा तीन-चार मिलीमीटर पुढे जातो. दोन लेनच्या लांबीतच त्याहून जास्त फरक असू शकतो. पुढे निकाल शतांशावर थांबवले गेले ते उगाच नव्हे.)

सूर सोपा वाटत होता. आजच्या ब्लॉकवर मागे तिरकी फळी असते. ती खाचांमध्ये पुढेमागे सरकवून अशी लावायची की मागच्या पायाचा गुडघा साधारण काटकोनात येईल. २०१० च्या आसपास ती सगळीकडे आली. स्पिट्झच्या वेळी ब्लॉक म्हणजे सपाट, थोडा उतरता ओटा. हात मागून गोल फिरवून उडी घेणारे तेव्हा होते आणि पुढची कड बोटांनी धरून उडी घेणारेही येऊ लागले होते. मी याला दुसरी पद्धत दिली, दोन्ही पाय पुढे. पहिल्या दोन उड्यांत पोटावर पडला. मागच्या पायाचा धक्का नसल्याने शरीर पुढे जाण्याऐवजी वर जात होतं. चौथ्या उडीपासून जमलं.

खरा फरक उडीत नव्हता, उडीनंतर होता. सूर मारल्यावर पाण्यात शिरताना जो वेग असतो तो पोहण्याच्या वेगापेक्षा बराच जास्त असतो आणि लगेच उतरू लागतो. आजचा पोहणारा एकाच भोकातून शिरल्यासारखा आत जातो, लाटांच्या खाली राहतो, आणि वेग उतरत त्याच्या डॉल्फिन किकच्या (दोन्ही पाय जोडून मारायच्या लाथेच्या) वेगाजवळ आला की किक सुरू करतो. आधी सुरू केली तर पाय फक्त अडथळा करतात, उशिरा केली तर वेग सांडून जातो. नियमाने १५ मीटरपर्यंत डोकं वर यायलाच हवं. ही मर्यादाही लोकांनी आणायला लावली. १९८८ च्या सोलमध्ये डेव्हिड बर्कॉफ आणि दाइची सुझुकी बॅकस्ट्रोकमध्ये अर्ध्याहून जास्त लांबी पाण्याखालूनच कापत होते. त्यानंतर आधी बॅकस्ट्रोकला आणि पुढे बटरफ्लाय-फ्रीस्टाइललाही अंतराची अट लागली. म्युनिकला अशी अट फ्रीस्टाइलला नव्हती, कारण गरजच पडली नव्हती. उथळ सूर, थोडं घसरणं, आणि वर येऊन हात सुरू.

आजच्या पद्धतीने १५ मीटर ५.९. जुन्या पद्धतीने, सगळ्यात चांगली उडी, ६.६.

मधल्या पाण्याने निराश केलं. गुडघ्यापर्यंतची घट्ट जॅमर काढून साधी चड्डी घातली, कॅपही काढली. ३० मीटरला १५.६ चे १५.८ झाले. पोशाखावर एवढं बोललं जातं ते २००८-०९ मुळे. पॉलीयुरेथेनचे अंगभर पोशाख आले आणि २००९ च्या रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. ते पोशाख पोट-मांड्या आवळून शरीर सरळ ठेवायचे आणि थोडं तरंगवायचेही. १ जानेवारी २०१० पासून फक्त कापड, पुरुषांना बेंबीपासून गुडघ्यापर्यंत. आजची जॅमर त्या मानाने गरीब आहे.

मग टर्न. इथे गॉगल काढायला लावला.

स्पिट्झ म्युनिकला बिनगॉगलचा, बिनकॅपचा पोहला, हे फोटोत दिसतं आणि आपण त्याच्या मिशीबद्दल बोलून पुढे जातो. मलाही वाटत होतं की ५० सेकंद डोळे चुरचुरतील, एवढंच. तळावरची काळी रेष भिंतीच्या २ मीटर आधी संपते आणि तिथे आडवी पट्टी असते, ती टी. ती दिसली की किती हात मारून गोलांटी घ्यायची हे अंगात बसलेलं असतं. गॉगलशिवाय टी दिसतो, पण काठ विरघळलेल्या डागासारखा, आणि भिंतीवरचा क्रॉस, म्हणजे फुलीची खूण, तर दिसतच नाही. पहिल्या टर्नला त्याने एक हात कमी मारला. गोलांटी पूर्ण झाली तेव्हा भिंत लांब होती, फक्त पायाची बोटं टेकली, धक्का बसलाच नाही. ४५ ते ६५ ला ११.३. दुसऱ्या वेळी इतका जवळ गेला की गुडघे छातीशी आले. तिथून पाय सरळ करायला वेळ लागतो आणि जोरही निघत नाही. दोन्ही टर्न फेकून दिले.

तिसऱ्या वेळी नीट जमला. १०.५. आजच्या पद्धतीने ९.८ होता. यातला बराचसा फरक भिंतीनंतरची किक नसल्याचा, ते अपेक्षितच होतं. पण पाण्याखालच्या कॅमेऱ्याचं चित्रण सावकाश बघताना एक गोष्ट खटकली. भिंतीच्या ७-८ मीटर आधीपासून याची मान वर आली होती. डोळे तळाकडे नव्हते, भिंत शोधत होते. मान वर आली की कंबर खाली जाते, कंबर खाली गेली की पाय खाली, आणि पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. शेवटच्या ५ मीटरमध्येच एक-दोन दशांश तिथे गेले होते.

मी त्याला म्हटलं, "मान खाली ठेवून कर."

"दिसत नाही सर. खाली ठेवली तर अंदाजच येत नाही."

जुन्या चित्रणांत बऱ्याच पोहणाऱ्यांचं डोकं आजच्यापेक्षा उंच दिसतं, पाणी कपाळावर केसांच्या रेषेशी फुटतं. आम्ही ती तेव्हाची शैली म्हणून शिकलो आणि चुकीची म्हणून शिकवतो. त्या उंच मानेत थोडा वाटा नुसत्या दिसण्याचा असावा, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. सिद्ध करता येणार नाही. पण गॉगलमुळे डोळे वाचले एवढंच नव्हे, मानेला तळाकडे बघायची मुभा मिळाली, हे समोर दिसत होतं.

अकरा वाजेपर्यंत त्याचे डोळे लाल झाले होते. दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात म्हणाला. ती बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला सूज आली की दिसतात. चुरचुर खरं तर नुसत्या क्लोरीनची नसते, घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन जे क्लोरामाइन बनतं त्याची जास्त असते. स्वच्छ पाण्याने डोळे धुतले आणि दोन तास थांबलो. गॉगलचा सगळ्यात मोठा फायदा शर्यतीत नाहीच, तो सरावात आहे. ५० सेकंद कुणीही काढेल. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास, आठवडाभर, उघड्या डोळ्यांनी काढून बघा.

लेनच्या दोऱ्या आणि कडेचं गटार यांचा हिशेब मी मांडला नाही. चकत्यांच्या दोऱ्या लाट फिरवून तिथेच मोडतात, पाण्याच्या पातळीतलं गटार लाट गिळून टाकतं, आणि खोल तळावरून उसळी परत यायला वेळ लागतो. ते काढून घ्यायचं तर दुसरा तलाव बांधावा लागेल.

संध्याकाळी एकच पूर्ण १०० मीटर. सपाट ब्लॉक, साधी चड्डी, गॉगल नाही, भिंतीनंतर किक नाही. तुकड्यांची बेरीज ५३.३ सांगत होती. तो ५३.८ ला आला. वरची अर्धी सेकंद टर्नला गेली, भिंत पुन्हा थोडी लांब राहिली होती.

बोर्डवर ५१.२२ लिहून खाली ५३.८ लिहिलं. तो बराच वेळ बघत बसला.

पण हा हिशेब उलट बाजूनेही बघायला हवा. आजचा विश्वविक्रम पान झानलेचा, २०२४ च्या पॅरिसमध्ये ४६.४०. स्पिट्झपासून ४.८२ सेकंद. आम्ही दिवसभर जे काढून घेऊ शकलो ते एका पोहणाऱ्याच्या बाबतीत दोन-अडीच सेकंदांचं होतं, आणि त्यातही सवय नसल्याचा वाटा आहेच. स्पिट्झ त्या पद्धतीत मुरलेला होता, हा नव्हता. म्हणजे साधनं आणि भिंतीजवळची कला जमेस धरूनही जवळपास निम्मं अंतर उरतं, आणि ते काढता येत नाही. मी प्रयत्न केला. इंडियाना विद्यापीठात स्पिट्झचे प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन पाण्याखाली चित्रण करून हाताचा मार्ग अभ्यासत आणि तो वळणदार असतो असं मांडत. हात आत-बाहेर फिरवत ओढायचा, पंख्याच्या पात्यासारखा. आज कोपर उंच ठेवून कोपरापासून बोटांपर्यंतचा हात लवकर उभा करायचा आणि पाणी सरळ मागे ढकलायचं, यावर भर असतो. याला म्हटलं, वळणदार ओढ. तीन हात तसे मारले, चौथा आपोआप सरळ. दहा वर्षांत अंगात बसलेलं चड्डीसारखं उतरवता येत नाही.

याच्या उलट दाखलाही आहे, साधनं नवी पण शरीर वय झालेलं. १९९२ च्या बार्सिलोनासाठी चाळिशी ओलांडलेल्या स्पिट्झने १०० मीटर बटरफ्लायमध्ये पुनरागमनाचा प्रयत्न केला. निवड चाचणीची पात्रता ५५.५९ होती, तो ५८.०३ च्या पुढे गेला नाही. त्याचं स्वतःचं म्युनिकचं टायमिंग ५४.२७. वीस वर्षांपूर्वीचा तो त्या पात्रतेत सहज बसला असता.

रात्री पोराचा निरोप आला. "सर, माझे जुने व्हिडिओ बघितले. गॉगल घालूनही माझी मान वर येते."

मी पुन्हा बघितलं. खरंच येत होती. बिनगॉगल जेवढी आली त्याच्या निम्मी, ४५ मीटरनंतर, प्रत्येक शर्यतीत. गेले दोन मोसम ते माझ्या नजरेखालून जात होतं.

दुसऱ्या दिवसापासून सेटच्या आधी दहा टर्न. २० मीटरवरून शर्यतीच्या वेगाने यायचं, हनुवटी आत, नजर तळावर. टी वर डोकं आलं की एकच हात आणि गोलांटी, भिंतीकडे बघायचं नाही. पहिल्या दहातले चार चुकले. तीन लांबून, आणि एक इतका जवळून की टाचा वरच्या कडेवर आपटल्या.