चकमकीच्या बंदुकीचं लॉक: अस्सल आणि नवी नक्कल

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात काही जुन्या घरांत भिंतीवर चकमकीची बंदूक अजून दिसते. मिरवणुकीसाठी किंवा नाटकासाठी घेतलेल्या नव्या नकलाही आता दिसू लागल्या आहेत. दोन्हींची खरी परीक्षा लॉकवर, म्हणजे ठिणगी पाडून बार पेटवणाऱ्या यंत्रणेवर होते. दस्त्यावरची (बंदुकीच्या लाकडी भागावरची) पितळ कितीही चमकवली तरी लॉक खराब असेल तर ती नुसती लोखंडी नळी.

लॉकला हात लावण्याआधी नळी रिकामी आहे ना, ते बघा. लाकडी गज तोंडातून तळापर्यंत घाला आणि तोंडापाशी त्याच्यावर खूण करा. मग तोच गज बाहेरून नळीला लावून धरा. खूण तोंडाशी ठेवली की टोक कानाच्या (आग आत जाण्यासाठी नळीच्या तळाशी पाडलेल्या बारीक भोकाच्या) थोडं मागे किंवा निदान कानापर्यंत पोचलं पाहिजे. ते चार-पाच सेंटिमीटर अलीकडे थांबत असेल तर आत जुना बार असू शकतो. जुन्या बंदुका भरलेल्या अवस्थेत सापडतात, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. अशी शंका आली तर परवानाधारक कारागिराकडेच न्या.

आता ठिणगी. गारेची (चकमकीच्या दगडाची) धार फ्रिझनच्या, म्हणजे ती ज्यावर आपटते त्या उभ्या पट्टीच्या, पोलादाचे बारीक कण खरवडते, ते कण हवेत जळतात आणि रंजकदानीत, म्हणजे रंजक (पेटवणीची दारू) ठेवायच्या वाटीत पडतात. म्हणजे जळतं ते पोलाद. त्यात कार्बन पुरेसा हवा आणि पृष्ठभाग कडक हवा. जुन्या फ्रिझनमध्ये लोखंडाच्या तुकड्यावर पोलादी पत्रा भट्टीत जोडलेला असे. इटालियन नकलांच्या लॉकमध्ये फ्रिझन बहुतेक चांगलं निघतं. स्वस्त नकलांमध्ये ते पुष्कळदा मऊ लोखंडाचं असतं आणि त्याला वरवर पातळ कडकपणा दिलेला असतो. तो थर झिजला की गारेचे खोल चर पडतात आणि ठिणग्या मोजक्या, लालसर, वाटेतच विझणाऱ्या येतात. चांगल्या फ्रिझनच्या ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या असतात आणि रंजकदानीत पडल्यावरही क्षणभर जिवंत राहतात. अंधाऱ्या खोलीत, रिकाम्या नळीने आणि रंजक न घालता हे तपासता येतं. कानस लावूनही कळतं: चांगल्या फ्रिझनवर ती घसरते, मऊवर चावते.

इलाज दोन. एक, लाकडी किंवा हाडाच्या कोळशाच्या भुकटीत फ्रिझन पुरून, लोखंडी डबी मातीने बंद करून, सुमारे 900 अंशांवर तीन-चार तास ठेवायचं आणि लगेच पाण्यात विझवायचं. दुसरा इलाज मला जास्त टिकाऊ वाटतो: जुन्या करवतीच्या पोलादाचा पातळ पत्रा फ्रिझनच्या तोंडावर रिव्हेटने बसवायचा. दोन्हींत बिजागरीकडचा पाय मऊच राहू द्या. तोही कडक झाला तर घोड्याच्या (गार धरणाऱ्या हातोडीच्या) धक्क्याने तडकतो.

फ्रिझन चांगलं असूनही ठिणगी पडत नसेल तर स्प्रिंगा बघा. घोड्याला ढकलणारी मुख्य स्प्रिंग फ्रिझनच्या स्प्रिंगपेक्षा ठळकपणे जोरकस हवी. फ्रिझनची स्प्रिंग फार ताठ असेल तर ते उशिरा उघडतं आणि गार दोन-चार वारांत फुटते. नकलांमध्ये हा दोष वारंवार दिसतो, आणि लोक उगाच गारेला दोष देतात.

लष्करी लॉकसाठी गार साधारण 25 ते 28 मिलिमीटर रुंद लागते. ती शिशाच्या पातळ पत्र्यात धरा. चामडंही चालतं, पण रंजकेच्या भडक्याने ते हळूहळू करपतं. धार फ्रिझनला समांतर आणि नळीपासून किंचित मोकळी हवी. घोडा अर्ध्या चापावर (अर्धा मागे ओढून अडकवलेला) असताना गार आणि फ्रिझनमध्ये दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवा. वार फ्रिझनच्या वरच्या भागात बसला पाहिजे, आणि घोडा पूर्ण खाली आल्यावर धारेचा रोख रंजकदानीच्या मध्याकडे हवा. काही नकलांत घोड्याची मान जास्त उभी किंवा जास्त झुकलेली ओतलेली असते. तिथे गार उलटी बसवून बघा, म्हणजे उताराची बाजू वर-खाली बदलून. बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

अर्धा चाप ही सुरक्षेची जागा. घोडा अर्धा चढवून चाप जोरात ओढा. घोडा सुटला तर आतल्या टम्बलरची (घोड्याबरोबर फिरणाऱ्या तुकड्याची) खाच झिजलेली किंवा मऊ आहे. ती बंदूक हाताळायला देऊ नका. चाप जड वाटतो म्हणून सिअरचं (त्या खाचेत अडकून घोडा धरून ठेवणाऱ्या दांडीचं) टोक घासणं हा सरळ धोका आहे. लष्करी चाप जडच असतो.

मग अस्सल बंदुका भरवशाच्या होत्या का? इंग्लंडमधल्या वुलिचच्या 1834 च्या चाचणीत प्रत्येकी 6000 बारांपैकी चकमकीच्या बंदुकांचे 922 चुकले, टोपीवाल्यांचे (गारेऐवजी स्फोटक टोपीने पेटणाऱ्या बंदुकांचे) फक्त 36. चांगल्या स्थितीतल्या लष्करी लॉकचेही सहा-सात बारांत एक हुकत असे. महादजी शिंद्यांच्या कंपूंसाठी (युरोपीय पद्धतीने कवायत शिकवलेल्या पलटणींसाठी) आग्र्याला सँगस्टर या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली युरोपीय नमुन्याच्या बंदुका बनत. त्या पलटणींनीही याच मर्यादेत लढाया मारल्या, आणि हे लक्षात घेतलं की त्यांच्या कवायतीबद्दलचा आदर वाढतो.

कान न पाडलेली नकल घेतली असेल तर तो स्वतः पाडू नका. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 6 प्रमाणे नकली शस्त्राचं खऱ्या शस्त्रात रूपांतर करायला परवाना लागतो.

ग्वाल्हेरच्या हवेचंही बघा. मे महिन्यात लाकूड आकसतं आणि लॉक सैल होतं. पावसाळ्यात दस्ता फुगून मुख्य स्प्रिंग किंवा सिअर लाकडाला घासू लागतो. लॉक बाहेर काढल्यावर नीट चालतं आणि दस्त्यात बसवल्यावर अडतं, तर दोष लाकडात आहे. खोबणीत काजळी लावून घासण्याची जागा शोधा आणि तेवढीच तासा. दसऱ्याच्या पूजेत तेल-कुंकू लॉकवर टाकू नका. तिळाचं किंवा खोबरेल तेल आत चिकट होऊन बसतं, कुंकू त्यात मळ धरतं, आणि तेलकट फ्रिझनवर ठिणगी पडत नाही. कुंकू दस्त्याला लावा. लॉकला शिवणयंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब, फक्त सांध्यांवर, आणि फ्रिझनचं तोंड कोरड्या फडक्याने पुसलेलं.