बसल्या बसल्या घाम

नागपूरकराला आपल्या उन्हाचा गर्व असतो, हे बाहेरच्यांना लवकर कळत नाही. पुण्याचा पाहुणा मे महिन्यात स्टेशनवर उतरून ‘बापरे, काय हे ऊन!’ म्हणाला की आम्हाला मनातून बरं वाटतं. ‘हे तर काहीच नाही, नवतपा लागू द्या’ हे वाक्य तयारच असतं; नवतपा म्हणजे मे अखेरचे सगळ्यांत तापणारे नऊ दिवस. २०१३च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तो आकडा इथे दशांशासकट पाठ आहे. २०२४च्या मे अखेरीला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं चक्क ५६ अंश दाखवले. यंत्रच बिघडलं होतं, असं हवामान खात्यानं नंतर सांगितलं. तोवर माझ्या ओळखीतल्या कित्येकांनी तो आकडा मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना पाठवूनही दिला होता. खुलासा मात्र कोणी पाठवल्याचं आठवत नाही.

अशा गावात घामाची लाज वाटायचं कारण काय? पण नागपूर घामाला माफ करतं ते एका अटीवर. घामाला कारण पाहिजे. भर दुपारी इतवारीत पायी फिरून आलात, गॅसपुढे उभं राहून घरभराच्या पुरणपोळ्या लाटल्यात, तर बिनधास्त घामाघूम व्हा. कोणीतरी उठून पंखा वाढवतं, पन्ह्याचा ग्लास हातात देतं. निढळाच्या घामाला आपल्याकडे मान आहेच. माझा घाम निढळाचा नाही. तो बसल्या जागी येतो. लग्नात, मीटिंगमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, आणि शेजारचा माणूस शाल गुंडाळून बसलेला असतानासुद्धा. ऊन नाही, काम नाही, आणि पाठीवरून धार लागलेली. अशा घामाचा हिशेब लोकांना लागत नाही, मग ते तो आपापल्या परीनं लावतात. ताप आहे का? बीपी तपासलं का? घरी काही झालं का? सासूबाईंनी तर लग्नानंतर थोड्याच दिवसांत सरळ विचारलं होतं, “काहून वं, बसल्या बसल्या इतका घाम काहून येते तुले? काही लपवून तं नाही राहिली?”

लपवत होते तर. घामच लपवत होते.

घाम म्हणजे अंगातला कूलर, हे नागपुरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मार्च लागला की घराघरांत कूलर पुसून निघतात, जुन्या ताट्या जाऊन नव्या बसतात, ओल्या खसचा वास पहिल्या दिवशी घरभर होतो. मे महिन्यात हवा इतकी कोरडी की ताटीवरचं पाणी भराभर उडतं आणि खोली गार पडते. तोच कूलर जुलैत लावून बघा. पाणी उडत नाही, हवा नुसती चिकट होते, आणि ‘बंद करा ते, त्यापेक्षा पंखा बरा’ अशी घरोघरी ओरड होते. घामाचंही अगदी तेच. एक लिटर घाम अंगावरून वाळून गेला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. पण टपकून गेला तर जवळजवळ काहीच नेत नाही. याचा अर्थ असा की जो घाम लोकांना दिसतो, तो फुकट गेलेला घाम. खरं काम करणारा दिसतच नाही. लोक मेच्या उन्हाळ्यात माझी कीव करतात, पण तेव्हा मी बरी असते. गडद निळ्या कुर्त्यावर संध्याकाळी मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात, एवढंच. माझा वाईट काळ पहिल्या पावसानंतर सुरू होतो. ऑगस्टात सकाळीच हवेतला ओलावा ८० टक्क्यांच्या पुढे, पाऊस दडी मारून बसलेला, आणि अंगावर आलेला थेंब उडून जायचं नाव घेत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तेव्हा गर्दी ‘इडा, पिडा घेऊन जा गे मारबत’ असं ओरडते. त्यात दरवर्षी मी हळूच माझी पिडा घालते. अजून तरी मारबतीनं मनावर घेतलेलं नाही.

त्यात बसायचं म्हणजे आणखी पंचाईत. चालणाऱ्या माणसाला वारा लागतो. बसलेल्या माणसाची पाठ आणि खुर्ची यांच्यामध्ये वारा शिरायला जागाच नसते, त्यामुळे तिथे घाम नुसता साठत जातो. म्हणून मी कुठेही गेले की आधी खुर्च्या बघते, मग माणसं. सगळ्यांत वाईट ऑटोची रेक्झिनची सीट; उन्हात उभा राहिलेला ऑटो असेल तर बसताना भाजतं आणि उतरताना चिकटतं. लग्नाच्या लॉनवर प्लास्टिकच्या खुर्च्यांना साटनची कव्हरं घालून मागे बो बांधतात, ते साटन एक थेंब पीत नाही आणि एक डाग लपवत नाही. कव्हर नसेल तर पाठीला भोकं असलेली साधी प्लास्टिकची खुर्ची त्यातल्या त्यात बरी. वेताची खुर्ची मिळाली तर यजमानांबद्दल मत चांगलं होतं. सोफ्याला मी हातही लावत नाही. “अहो, तिकडे काय बसलात, इकडे या ना सोफ्यावर,” असा आग्रह झाला की मला गुडघे दुखतात. सोफ्यावरून उठताना त्रास होतो, असं सांगते. नातेवाइकांत माझ्या गुडघ्यांची बरीच चर्चा आहे.

बसणं तरी जमतं, खरी परीक्षा उठताना. हलक्या रंगाचा कुर्ता घातला असेल, तर मागे काय नकाशा उमटलाय हे आपल्याला दिसत नाही, बाकी सगळ्यांना दिसतं. मग शेवटी उठायचं. कार्यक्रम संपल्यावर पर्समध्ये काहीतरी शोधत बसायचं, फोनवर बोलल्याचं सोंग करायचं, ओढणी सैल सोडून मागे घ्यायची आणि भिंतीच्या कडेकडेनं निघायचं. तरी एखादी काकू कानाशी येऊन “अगं, मागे बघ जरा” असं म्हणतेच. ते ज्या स्वरात म्हटलं जातं, त्याचा अर्थ प्रत्येक बाईला ठाऊक आहे. “नाही हो काकू, घाम आहे तो,” हे सांगताना जास्त लाजायचं की कमी, याचा निर्णय माझा अजून व्हायचा आहे. काकूंचा चेहरा मात्र दर वेळी आधी सुटकेचा होतो आणि मग लगेच काळजीचा.

मेट्रो आल्यापासून सीताबर्डीहून खापरीपर्यंत गारेगार जाता येतं, हे सुख खरंच. पण उन्हातून आत शिरल्यावर ओली पाठ एकदम थंड पडते, आणि सगळे कोरडे असताना आपण एकट्याच ओल्या असतो. मी मेट्रोत सहसा उभी राहते, दाराशी, पाठ काचेकडे करून. तरुण मुलं उठून जागा देऊ लागलीत. ते वयामुळे आहे हे मला कळतं, पण मी नाही म्हणते ते वेगळ्या कारणासाठी.

कपड्यांचं शास्त्र मी स्वतःच शिकले. राखाडी रंग कपाटात ठेवायचाच नाही. आकाशी तर मुळीच नाही. पांढरा चालतो, गडद निळा चालतो, बारीक छपाईचा सुती कपडा सगळ्यांत भरवशाचा, कारण त्यात डाग कुठला आणि फूल कुठलं हे कळत नाही. रेशमी साडी फक्त डिसेंबर-जानेवारीत. बर्डीवरचे माझे टेलर फार समजूतदार गृहस्थ; मी न सांगता ते वहीत मापाच्या बाजूला ‘काखेत डबल अस्तर’ लिहून ठेवतात. बाकी डिओचे डबे मी फार वाया घालवले नाहीत. डिओ वासावर काम करतो, घामावर नाही. ताज्या घामाला मुळात वास नसतोच, त्वचेवरचे जिवाणू काखेतल्या घामावर कामाला लागले की तो सुटतो.

तळहातांचं प्रकरण आणखी वेगळं. माणसाच्या अंगावर घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी असतात, आणि त्या सगळ्यांत दाट तळहातांवर आणि तळपायांवर. तिथल्या ग्रंथी उन्हापेक्षा मनाचं जास्त ऐकतात. त्यामुळे माझे तळहात जानेवारीच्या थंडीतही ओले. संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे त्यांच्यासाठी सणच. हातावर हलवा पडतो. गुलाबी, हिरवे, पिवळे काटेरी दाणे. मी तो तोंडात टाकेपर्यंत काटे विरघळून गेलेले असतात आणि तळहातावर रंगांची बारीक ठिपकी उरतात. यजमानीणबाई पुढच्या बाईच्या हातावर अत्तर लावत असतात, मी हात मागे घेऊन पदराला पुसत असते, आणि माझी पाळी येईपर्यंत तो पुन्हा ओला. आता अत्तर लागणार हे कळलं ना त्याला! घाम येईल की काय या धास्तीनंच घाम येतो, आणि आला की धास्ती वाढते. यातून सुटायची जागा मला तरी सापडलेली नाही.

आणि ते अंगठ्याचं मशीन! पूर्वी सही केली की काम होत होतं, आता जिथे तिथे अंगठा. ओला अंगठा मशीनला वाचता येत नाही. लाल दिवा लागतो. “पुसून घ्या ताई.” पुसते. पुन्हा लाल. मागची रांग एक पाऊल पुढे सरकते, त्यासरशी अंगठा आणखी ओला. “दुसरं बोट ठेवून पाहा.” दुसरं बोट कोरडं असायला ते काय दुसऱ्या कोणाचं आहे? शेवटी खिडकीतला मुलगा स्वतःचा रुमाल पुढे करतो, आणि तो इतक्या भलेपणानं करतो की मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं होतं.

एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडेही जाऊन आले. त्यांनी मोजके प्रश्न विचारले. झोपेत येतो का? नाही. दोन्ही हातांना सारखाच का? हो. लहानपणापासून का? हो. घरात आणखी कोणाला? बाबांच्या दोन्ही खिशांत रुमाल असायचे, एक तोंडाचा आणि एक हातांचा. तो हातांचा कशाला, हे मला त्या दिवशी कळलं. बाई म्हणाल्या, याला हायपरहायड्रोसिस म्हणतात, तुमच्यासारखा असेल तर धोका काही नाही, पण त्रास खरा आहे. मोठेपणी अचानक सुरू झाला, किंवा रात्री अंथरूण भिजायला लागलं, तर मात्र थायरॉइड, साखर, चालू असलेली औषधं हे सगळं तपासायचं. मला त्यांनी अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं लोशन दिलं. ते रात्री झोपताना कोरड्या कातडीवर लावायचं, कारण तेव्हा ग्रंथी शांत असतात. सकाळी आंघोळ करून बाहेर पडताना लावण्यात अर्थ नाही. मी आयुष्यभर सगळं सकाळीच लावत आले होते. काखेपुरता फरक पडला, बऱ्यापैकी पडला. हातांसाठी पाण्याच्या ट्रेमध्ये तळवे ठेवून अगदी सौम्य वीज सोडायचा उपाय असतो. बोटॉक्सची इंजेक्शनं असतात, त्यांचा गुण काही महिने टिकतो. अगदीच असह्य झालं तर छातीतली मज्जातंतूंची साखळी कापायची शस्त्रक्रियाही आहे, पण त्यानंतर हात कोरडे होऊन पुष्कळांना पाठीला आणि पोटाला जास्त घाम येऊ लागतो. म्हणजे शेकहँड सुटला, खुर्ची वाढली. मी हात जोडून नको म्हटलं. हात ओलेच होते.

नागपुरात एक जागा मात्र अशी आहे जिथे मी राजासारखी बसते. सावजी, म्हणजे आमच्याकडची झणझणीत रश्श्याची खानावळ. तिथे खुर्ची कसलीही असू दे. काळपट रश्श्यावर तेलाचा तवंग, पहिल्या घासाला काही वाटत नाही, तिसऱ्याला कानामागून धार. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या त्याच मज्जातंतूंना डिवचतं जे चटका ओळखतात. मेंदूला वाटतं खरंच तापलंय, आणि तो घाम सोडतो. समोरच्या टेबलावरच्या भाऊंचं टक्कल चमकत असतं, गळ्यातला दुपट्टा एकदा डोक्यावरून फिरतो, एकदा नाकावरून. कोणी कोणाला ताप आहे का विचारत नाही. उलट ज्याला घाम येत नाही, त्याच्याकडे वाढपी जरा संशयानं बघतो आणि न विचारता वाटीत आणखी रस्सा ओततो. लग्नं आणि मीटिंगा सावजीत का ठेवत नाहीत, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

अलीकडे आणखी एक गोष्ट घडायला लागली आहे. माझ्या वयाच्या मैत्रिणी पन्नाशीच्या आसपास आल्या. इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूतली तापमान सांभाळणारी यंत्रणा हळवी होते. थोडंसं काही झालं तरी तिला वाटतं फार गरम झालं, आणि भसकन घाम. ज्यांनी मला जन्मभर “तुला गं कसा एवढा घाम येतो?” विचारलं, त्या आता भिशीत बोलता बोलता थांबतात, लाल होतात, पदरानं मान पुसतात आणि माझ्याकडे बघतात. मी त्यांची सल्लागार झाले आहे. राखाडी कुर्ते वाटून टाका म्हणते. अस्तर कुठे लावायचं ते सांगते, टेलरचा पत्ता देते. रात्री फार होत असेल तर डॉक्टरांना दाखव, उगाच अंगावर काढू नकोस, हेही सांगते. एकीनं गळ्यात अडकवायचा चार्जिंगचा पंखा आणलाय, तो दर भिशीला हातोहात फिरतो.

नुकसान फक्त एक झालं. भिशीत कूलरसमोरची खुर्ची इतकी वर्षं माझी म्हणून ठेवलेली असायची, न बोलता. आता तिच्यासाठी लवकर यावं लागतं, आणि मागच्या वेळी मी वेळेआधी पोचले तर तिथे एकीची पर्स आधीच ठेवलेली होती.