पळस, पोपट आणि ती शेपटी: अपडेट ७

मावली! पोपटाची शेपटी फोटोत मावली! म्हणजे १,१२० फ्रेम्सपैकी चारच फ्रेम्समध्ये, पण मावली.

मागच्या वेळी मी वैतागून लिहिलं होतं की पोपट हा पक्षी कॅमेऱ्याच्या आडव्या चौकटीसाठी जन्मलेलाच नाही. ते मत अर्धं मागे घेतो. आपला साधा रोझ-रिंग, म्हणजे कंठीवाला पोपट, चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत ४० सेंटीमीटरच्या आसपास, आणि त्यात निम्म्याहून जास्त शेपटीच. तो फांदीवर ताठ बसला की ती सरळ खाली लोंबते. लेन्स ६०० एमएमपर्यंत झूम केली की डोळा, चोच, गळ्यातली कंठी सगळं टकाटक दिसतं, आणि घरी येऊन बघावं तर खालच्या कडेला शेपटी गुल. महिनाभर हेच चाललं होतं. आईने लॅपटॉपमध्ये डोकावून विचारलं, "याचं शेपूट कुणी छाटलं रे?" कॅमेरा उभा धरला तर शेपटी मावते, पण फांदी दोन्हीकडून तुटते आणि पासपोर्ट फोटो होतो. ४०० वर आलो तर पक्षी मधोमध आणि भोवती काटक्यांचा पसारा.

म्हणून या वेळी जागाच बदलली. रामटेकच्या गडावरून अंबाळा तलावाकडे उतरताना पायऱ्यांच्या बाजूला, उतारावर एक पळस आहे. झाड खाली, आपण वर, त्यामुळे शेंडा बरोबर डोळ्यांसमोर येतो. पोटाचे आणि बुडाचे फोटो संपले एकदाचे! मागचा उतार लांब असल्याने बॅकग्राउंड लोण्यासारखं मऊ. शिवाय फुलावर आलेल्या पळसाला पान नसतं, तेव्हा हिरव्यात हिरवा हरवायचा प्रश्नही मिटला.

त्याच्या जागी दुसरा आला. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, म्हणजे 'हा पोपट तर नाही?' वाकड्या पाकळीची ती केशरी चोच बघून जुन्या लोकांना जी शंका आली, तीच माझ्या ऑटोफोकसला आली. काळपट मखमली कळी दिसली की कॅमेऱ्याचं आय-डिटेक्शन (आपोआप डोळा शोधून फोकस करणारं फीचर) तिलाच डोळा समजून चिकटतं. पहिल्या दिवशीच्या तीनेकशे फ्रेम्समध्ये फूल असं धारदार की लव मोजावी, आणि मागे हिरवा डाग. शेवटी डिटेक्शन बंद केलं आणि फोकसचा सगळ्यात छोटा एकच पॉइंट ठेवला. महागड्या बॉडीचं हे फीचर मोकळ्या तलावावरच्या बगळ्यांसाठी ठीक आहे, फुललेल्या पळसावर नाही.

खरी गोष्ट पुढे घडली. बॅटरी वाचवायची म्हणून अर्धा तास नुसता बघत बसलो. पोपट ताठ बसतो, मग फांदीवरून आडवा सरकतो, वाटेत चोचीचा आधार घेतो, आणि फुलाशी पोचला की पुढे झुकतो. त्या क्षणी लोंबणारी शेपटी मागे उचलली जाते आणि चोचीपासून शेपटीपर्यंत एकच तिरकी रेघ होते. जेमतेम दोन सेकंद! पण ती रेघ आडव्या फ्रेममध्ये कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बसते.

मग पक्ष्याच्या मागे धावणं सोडलं. एक घोस निवडला, तो डावीकडे वर ठेवला, उजवीकडची जागा रिकामी सोडली आणि बसून राहिलो. झूम ४५० एमएम, अ‍ॅपर्चर एफ ८, शटर १/१६०० सेकंद. पळसमैनांनी कलकलाट करून दोनदा सगळ्यांना उडवलं, एकदा वानर थेट त्याच फांदीवर उतरलं. तिसऱ्या खेपेला मादी आली. कंठी नाही, त्यामुळे एरवी मी तिच्याकडे बघितलंही नसतं, पण चारातली सगळ्यात चांगली फ्रेम तिचीच आहे. शेपटीच्या टोकापुढे बोटभर जागा शिल्लक!

एक प्लमहेड, म्हणजे दुसऱ्या जातीचा पोपटही दिसला. जांभळट लाल डोकं, शेपटीचं टोक पांढरं. ते टोक काळ्या उतारावर काय उठून दिसलं असतं! पण कॅमेऱ्याचा बफर (फोटो कार्डावर जाण्याआधीची तात्पुरती मेमरी) भरलेला होता. जाऊ द्या.

हे लिहिताना फ्रेम्स पुन्हा चाळतोय आणि एक भलतंच दिसतंय. पोपट फुलाचा देठाकडचा भाग चावून रस घेतो आणि बाकीचं टाकून देतो. एका फ्रेममध्ये ते टाकलेलं फूल खालच्या कडेला अर्धवट आलंय. म्हणजे ताठ बसलेला पोपट, खाली लोंबणारी शेपटी, आणि तिच्याही खाली पडणारं फूल! मग उभी चौकटच बरोबर ना? खालच्या ज्या रिकाम्या जागेला मी महिनाभर शिव्या घातल्या, ती हवीच आहे. पुढच्या रविवारी ज्वारीच्या शेतावर जायचं ठरलं होतं, ते रद्द. होळीनंतर या झाडावर फारसं काही उरणार नाही. शटर १/२५०० वर नेऊन बघतो, फूल तरी गोठेल.

लेन्स टेकवायच्या बीनबॅगचं विचारणाऱ्यांसाठी: ऑनलाइन मागवलेलीची चेन दुसऱ्याच दिवशी उसवली. आता जुन्या जीन्सचा एक पाय, दोन्ही तोंडं शिवून. आत तांदूळ भरले होते, पण पायऱ्यांवर अर्ध्या तासात मुंग्यांची रांग लागली. या वेळी वाळू भरतोय.