मुठीच्या आतला सहा आकडी क्रमांक

कोल्टचं जुनं रिव्हॉल्वर टेबलावर आलं की आधी क्रमांक शोधायचा, बाकीचं नंतर. नळीच्या बुडाशी, सांगाड्याच्या पोटाला, चापाभोवतीच्या कड्यावर, सिलिंडरवर, मुठीच्या तळाशी, एवढंच काय, नळी अडकवून ठेवणाऱ्या पाचरीवरसुद्धा कारखान्याने तोच क्रमांक ठोकलेला असतो. सगळे जुळले तर वस्तू एकसंध. एखादा वेगळा निघाला की त्या दिवसाचं काम वाढलं.

मी इंग्लंडमधल्या एका लिलावघराच्या शस्त्रविभागात वर्णनं लिहिते. विक्रीला आलेली वस्तू काय आहे, कधीची आहे, कुठे दुरुस्त झाली आहे, हे पाच-सात ओळींत लिहायचं, आणि त्या ओळींची जबाबदारी घ्यायची. शिकले पुण्यात, इतिहास विषय घेऊन. बंदुका मात्र इथे आल्यावर शिकले, आणि त्या शिकवल्या विभागातल्या पुस्तकांच्या कपाटाने.

या कपाटाबद्दल मला फार आपुलकी आहे. हेवन आणि बेल्डन यांचा १९४० सालचा कोल्टचा इतिहास त्यात आहे, शिवण सुटलेला. कॉलियरच्या, चकमकीच्या दगडाने बार उडवणाऱ्या रिव्हॉल्वरपासून पहिल्या महायुद्धापर्यंतचा काळ कवेत घेणारे टेलरसन आणि मंडळींचे तीन खंड आहेत. १८५१ च्या ‘नेव्ही’ या एकाच मॉडेलवर १९६७ साली स्वेझी यांनी लिहिलेलं पुस्तक आहे. आणि माझं सगळ्यांत आवडतं, जोसेफ रोझा यांचं १९७६ सालचं, कोल्टच्या लंडनमधल्या कारखान्यावरचं. सॅम्युअल कोल्ट १८५१ च्या क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात आपली रिव्हॉल्वरं घेऊन आला, त्याला इथे गिऱ्हाईक दिसलं, आणि १८५३ पासून थेम्सच्या काठी, पिमलिको भागात, अमेरिकेहून आणलेल्या यंत्रांवर त्याने उत्पादन सुरू केलं. क्रिमियाच्या युद्धासाठी ब्रिटिश सरकारने त्याच्याकडून हजारोंनी रिव्हॉल्वरं घेतली. युद्ध संपलं, मागणी आटली, आणि चार-पाच वर्षांतच कारखाना गुंडाळला. तेवढ्या काळात सुमारे ४२,००० नेव्ही रिव्हॉल्वरं तिथे तयार झाली. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या मूळ कारखान्यात याच मॉडेलची दोन लाखांहून जास्त झाली, १८७३ पर्यंत.

हे आकडे सरळ कारखान्याच्या वह्यांतून आले असतील असं कुणालाही वाटेल. तसं नाही. फेब्रुवारी १८६४ मध्ये हार्टफर्डच्या कारखान्याला मोठी आग लागली आणि जुन्या नोंदींचा फार मोठा भाग त्यात गेला. म्हणून ठासणीच्या काळातल्या कोल्टचा ‘अमुक क्रमांक म्हणजे अमुक साल’ हा तक्ता मुख्यतः मागे उरलेल्या वस्तूंवरून जुळवलेला असतो. तारखेसह भेट दिलेली रिव्हॉल्वरं, सरकारी खरेदीचे कागद, संग्राहकांनी वर्षानुवर्षं ठेवलेल्या वह्या, यांतून एकेक क्रमांक गोळा करून. अशा पुस्तकातली एक ओळ म्हणजे कुणीतरी कुठल्यातरी थंड खोलीत भिंगाखाली वाचलेला एक छाप असतो. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

शरद ऋतूतल्या एका सकाळी एक आजीबाई ओकच्या लाकडाची पेटी घेऊन आल्या. आत हिरव्या बनातीचे कप्पे, गोळ्या ओतायचा साचा, दारूची कुप्पी, बार उडवणाऱ्या टोप्यांची लहानशी पत्र्याची डबी, आणि मधोमध नेव्ही रिव्हॉल्वर. नळी आठकोनी, सहा कोठ्यांचं सिलिंडर, नळीचा आतला व्यास ०.३६ इंच. नळीवर कर्नल कोल्ट, लंडन असा पत्ता. सिलिंडरवर कोरलेलं आरमारी लढाईचं चित्र बरंचसं शाबूत होतं. टेक्ससच्या आरमाराची मेक्सिकोशी १८४३ साली झालेली ही लढाई, कोल्टने ती कोरून घेतली आणि पुढे हजारो सिलिंडरांवर उमटवली. मुठीमागच्या पट्टीवर मात्र वेगळीच कोरणी होती. दोन अक्षरं आणि खाली झांशी, एप्रिल १८५८.

आजी म्हणाल्या, “माझ्या पणजोबांचे वडील सर ह्यू रोझच्या फौजेत होते, मुंबई इलाख्याच्या सैन्यात. तटाला शिड्या लागल्या तेव्हा हे त्यांच्या हातात होतं.”

मी पट्टी पुन्हा वाचली. झाशीच्या तटावर शेवटची चढाई झाली ३ एप्रिल १८५८ ला. त्याआधी दोनच दिवस बेतवेच्या काठी तात्या टोप्यांच्या फौजेचा पराभव झाला होता. शहरात नंतर जी कत्तल झाली ती आम्ही वाचली ती वरसईच्या विष्णुभट गोडशांमुळे. ते भिक्षुकीसाठी उत्तरेत गेले आणि नेमके त्या वेढ्यात अडकले. झाशीचं नेवाळकर राजघराणं मूळ रत्नागिरीकडचं. तटाच्या बाहेर रोझच्या फौजेत २४ वी आणि २५ वी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री होती, आणि मुंबई इलाख्याच्या पायदळात कोकणातली आणि देशावरची माणसं भरपूर असत. म्हणजे तटाच्या आतही मराठी, तटाच्या बाहेरही मराठी. हे रिव्हॉल्वर खरोखर तिथलं असेल तर मी जे हातात धरलं होतं ते माझ्याच माणसांवर रोखलं गेलेलं होतं. त्यामुळेच मला अंदाज नको होता, खात्री हवी होती.

आमच्या विभागातले एक वरिष्ठ सहकारी खूश झाले होते. अशा कोरणीने किंमत कितीतरी पटींनी चढते, आणि कॅटलॉग संध्याकाळी छपाईला जायचा होता. (अशी रिव्हॉल्वरं विकायला परवाना लागत नाही का, असं भारतातले मित्र विचारतात. इथल्या १९६८ च्या कायद्याच्या ५८ व्या कलमाखाली, निव्वळ जुनी वस्तू म्हणून बाळगली तर ठासणीच्या अशा रिव्हॉल्वरला नाही लागत.)

सांगाडा, नळी, सिलिंडर, तिन्हींवर एकच क्रमांक होता, वीस हजारांच्या पुढचा. नळीवर आणि सिलिंडरवर लंडनच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे बंदुका तपासून पास करणाऱ्या संस्थेचे, मुकुटाचे छाप. इथवर सगळं जोसेफ रोझांच्या पुस्तकाबरहुकूम. खटकली ती मूठ. चापाभोवतीचं कडं आणि मागची पट्टी पितळेची होती, चांदीचा मुलामा उडालेली. लंडनच्या नेव्हीला हे दोन्ही भाग साधारणपणे लोखंडाचे असतात. पितळ हार्टफर्डचं.

सहकारी म्हणाले, “सुरुवातीच्या लंडन रिव्हॉल्वरांना पितळ असतं की.”

ते बरोबर होतं, पुस्तकातही तसंच आहे. पण ती अगदी सुरुवातीची, आणि हे रिव्हॉल्वर वीस हजारांच्या पुढचं. कड्यावरचा क्रमांक पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून गुळगुळीत झाला होता. फक्त शेवटचा आकडा ओळखू येत होता, आणि तो सांगाड्याच्या शेवटच्या आकड्याशी जुळत होता! मुठीच्या तळाचीही तीच गत.

तरीही एक शक्यता उरत होती, आणि मी ती गंभीरपणे घेतली. मोहिमेवर मूठ तुटली असेल, मुंबईतल्या एखाद्या बंदूकवाल्याने दुसऱ्या कोल्टची मूठ बसवून दिली असेल, आणि मग तो अधिकारी झाशीला गेला असेल. म्हणजे प्रश्न पितळेचा नव्हता, ती मूठ कधीची हा होता. नेव्हीची लाकडी मूठ अक्रोडाच्या एकाच तुकड्याची असते, आणि आतल्या खाचेत कारागिराने क्रमांक शाईने लिहिलेला असतो. पट्टी काढल्याशिवाय तो दिसत नाही. जुने स्क्रू काढताना त्यांच्या खाचा मोडल्या तर वस्तूचं नुकसान, म्हणून आधी आजींची परवानगी घेतली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “बघाच. मलाही कळू दे.”

स्क्रूच्या खाचेत नेमक्या बसतील असे पेचकस आम्ही घासून तयार ठेवतो. तेल सोडलं, थांबले, मग एकेक स्क्रू सोडवला. पट्टी सुटली तशी मूठ मागे ओढली आणि दिवा तिरका धरला. शाई तपकिरी झाली होती, पण आकडे वाचता येत होते. सहा आकडे. सुरुवात १५ ने.

पुढचं वाचायची गरजच नव्हती. लंडनचे क्रमांक ४२,००० च्या आसपास थांबतात, म्हणजे सहा आकडी क्रमांक लंडनचा असूच शकत नाही. आणि हार्टफर्ड १८५८ मध्ये लाखापर्यंत पोहोचलेलं नव्हतं. मी स्वेझी उघडलं, बाकीची दोन उघडली. तक्ते एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, ते अंदाजाचे आहेत, वर्षभर इकडेतिकडे धरावंच लागतं. पण दीड लाखाच्या पुढचा क्रमांक म्हणजे १८६३ च्या आसपास, अमेरिकेतली यादवी ऐन भरात असतानाचा. वर्षाचा फरक सोडा, तीन वर्षांचा धरला तरी ती मूठ १८५८ च्या एप्रिलमध्ये जन्मालाच आलेली नव्हती.

भिंगाखाली कोरणी पुन्हा पाहिली. पितळेवरचे जुने चरे अक्षरांपाशी येऊन तुटत होते, म्हणजे आधी चरे पडले, मग अक्षरं कोरली गेली. हे मला सकाळीच दिसलं होतं, पण नुसत्या चऱ्यांवर मी कुणाच्या घराण्याची गोष्ट खोडली नसती.

आता यात जी गंमत आहे ती मला अजूनही विलक्षण वाटते. झाशीचं नाव ज्या भागावर आहे तो भाग झाशीला नव्हता, हे पक्कं. पण नळी, सिलिंडर आणि सांगाडा १८५७ च्या आतले आहेत. ते तिथे असू शकतात! गोळी ज्यातून सुटते ते सगळं जुनं, आणि साक्ष देणारी पट्टी तेवढी नंतरची.

लबाडी झाली असं मी म्हणणार नाही, सहकाऱ्यांनाही म्हणू दिलं नाही. अशा मुठी बदलल्या जात. म्हाताऱ्या अधिकाऱ्याने किंवा त्याच्या मुलाने वीस-तीस वर्षांनी, मूठ बदलल्यावर, आठवण म्हणून ठिकाण आणि महिना कोरून घेतला असेल. ते त्यांच्यापुरतं खरं असेल. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये मात्र तो पुरावा म्हणून छापता येत नाही.

आजींना सगळं दाखवलं, पुस्तकं उघडून, क्रमांकावर बोट ठेवून. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी एकच विचारलं, “मग ते झाशीला होते की नव्हते?”

मी विचारलं, “त्यांचं एखादं मेडल आहे का घरात?”

दुपारी त्यांचा नातू मेडल घेऊन आला. १८५७-५८ च्या लढायांसाठी दिलेलं चांदीचं मेडल, रिबिनीवर ‘सेंट्रल इंडिया’ची पट्टी. ही पट्टी रोझच्या फौजेला झाशी, काल्पी, ग्वाल्हेरच्या मोहिमेसाठी मिळाली. मेडलच्या कडेवर नाव आणि पलटण ठोकलेली, आणि ती अक्षरं सरकारी ठशांचीच होती. पट्टी एकट्या झाशीसाठी नसते, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ती पलटण त्या दिवशी कुठे होती हे ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरांतून शोधता येईल, मेडलांच्या याद्याही तिथे आहेत, त्या कशा मागवायच्या तेही लिहून दिलं. त्या माणसाबद्दल मला प्रेम वाटण्याचं कारण नाही. पण तो कुठे होता हे जाणण्याचा हक्क त्याच्या पणतीच्या लेकीला आहे, आणि झाशीत मेलेल्यांच्या बाजूने वाचणाऱ्या मलाही.

संध्याकाळी मजकूर छपाईला गेला. लंडनचं नेव्ही मॉडेल, मुख्य भागांचे क्रमांक जुळणारे, मूठ १८६३ च्या सुमाराच्या हार्टफर्ड रिव्हॉल्वरची, त्यावरची कोरणी नंतरची. अपेक्षित किंमत बरीच खाली आली, आणि वरिष्ठांनी थोडी कुरकुर करून सही केली. आजींनी रिव्हॉल्वर विकायला ठेवलं. मेडल घरी नेलं.

कॅटलॉग निघाल्यावर एका संग्राहकाचा फोन आला. त्यांना बोली लावायची नव्हती. लंडनच्या नेव्ही रिव्हॉल्वरांची यादी ते कित्येक वर्षांपासून करत आहेत, त्यांना फक्त क्रमांक हवे होते, प्रत्येक भागाचा वेगळा, आणि मुठीच्या आतलासुद्धा. मी नोंदवही काढली आणि एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. पलीकडून ते प्रत्येक आकडा पुन्हा म्हणून घेत होते.