फ्लाय फिशिंगची पहिली खरेदी आणि मी दुय्यम मानलेली लाइन

साध्या गळाला शिसं असतं. ते भिरकावलं की त्याच्या मागे दोरी ओढली जाते. फ्लाय म्हणजे गळाभोवती बांधलेली पिसं आणि धागे, तिला जवळजवळ वजनच नाही. त्यामुळे इथे फेकायची असते ती जाड, जड दोरी, म्हणजे लाइन. फ्लाय तिच्या मागोमाग जाते. हे मला माहीत होतं. तरीही खरेदीच्या वेळी मी सगळे पैसे रॉड आणि रीलवर घातले आणि लाइन सगळ्यात स्वस्त घेतली.

रॉड 9 फुटी, 5 वेटचा घेतला. ट्राउट मासा धरायला शिकणाऱ्यांना बहुधा हाच सुचवतात आणि तो सल्ला योग्यच आहे. हा 5 रॉडच्या वजनाचा आकडा नव्हे, त्यावर कोणती लाइन चालेल ते तो सांगतो. 5 वेटच्या लाइनचे पहिले 30 फूट 140 ग्रेन, म्हणजे साधारण 9 ग्रॅम भरतात. रॉड वाकवतं ते हेच वजन.

मग मैदानात गवतावर सराव सुरू केला. फ्लायऐवजी टोकाला लोकरीचा तुकडा बांधायचा, म्हणजे डोळ्याला इजा होत नाही. दोन आठवडे रोज लाइन पायाशीच ढीग होऊन पडायची. मनगट ताठ ठेवून पाहिलं, लाइन मागे नेल्यावर क्षणभर थांबून पाहिलं. दोष हातातच आहे असं वाटून मी खूप निराश झालो होतो.

एका अनुभवी मासेमाराने माझी लाइन बोटांतून फिरवली आणि खोक्यावरचं लेबल वाचलं: ‘एल 5 एफ’. एल म्हणजे लेव्हल, टोकापासून टोकापर्यंत एकाच जाडीची. शिवाय ती कडक होती, रिळावरची वेटोळी सुटतच नव्हती. त्यांनी स्वतःची रील माझ्या रॉडला लावून दिली. तिच्यावर ‘डब्ल्यूएफ 5 एफ’, म्हणजे वेट फॉरवर्ड, तरंगणारी लाइन होती. वजन पुढच्या भागात. तिसऱ्या-चौथ्या फेकीला ती मागे सरळ झाल्याचा ओढा मला मुठीत जाणवला. तो ओढा एकदा कळला की पुढे कधी न्यायचं हे हातालाच समजतं. त्याच आठवड्यात तशी लाइन घेतली.

रॉडही मी आज फास्ट ॲक्शनचा घेतला नसता. तो फक्त शेंड्याशी वाकतो. मीडियम ॲक्शनचा मध्यापर्यंत वाकतो आणि शिकणाऱ्याला वजन सावकाश जाणवू देतो. रीलवरचा खर्च तर सहज टळला असता. लहान माशाला लाइन हातानेच ओढून आणतात, तेव्हा रील फक्त ती गुंडाळून ठेवते.

लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक धागा, 9 फुटी, निमुळता, 5 एक्स घेतला. इथे आकडा वाढला की धागा बारीक होतो: 11 मधून एक्सचा आकडा वजा केला की जाडी इंचाच्या हजारांश भागात मिळते, म्हणजे 5 एक्सची 6. फ्लाय 12 ते 16 नंबरच्या मोजक्याच घेतल्या आणि चिमट्याने त्यांच्या गळांच्या टोकाजवळचे उलटे काटे दाबून टाकले, मासा इजा न होता सोडता यावा म्हणून.

आता पाण्यावरून परतलो की आधी लाइन सौम्य साबणाच्या पाण्यातून काढतो, मऊ कापडाने पुसतो आणि सैल वेटोळी करून सावलीत ठेवतो. रॉड त्यानंतर.