ळ कोणत्या बोटावर?

रविवार, रात्री

गंगापूर धरणातून पाणी सोडलंय. हे सकाळी छत्री घेऊन गोदाघाटावर गेले होते, आले ते दारातूनच बातमी सांगत. मला ऐकू कमी येतं, ओठ बघून ‘मारुती’ तेवढं कळलं. आता घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी चढलं हीच तर पुराची खरी बातमी, आणि नेमकी तीच ह्यांच्या मिशांत अडकली. मी विचारलं, “कुठपर्यंत?” तर ह्यांनी सरळ स्वतःच्या कमरेवर हात ठेवला. सून खो खो हसली. “बाबा, हे क्यूमध्ये नाही बसत आणि साईन लँग्वेजमध्येही नाही!”

खरंच आहे. क्यू, म्हणजे क्यूड स्पीच, म्हणजे बोलताना ओठांच्या जोडीला हाताने करायच्या ठरलेल्या खुणा; साईन लँग्वेज ही ऐकू न येणाऱ्यांची सांकेतिक भाषा. ह्यांनी केले ते आपण सगळेच करतो ते हातवारे. साईन लँग्वेज म्हणजे असंच काहीतरी असणार, असं मलाही वाटायचं. आता दोन्हीकडे थोडं थोडं शिकतेय तेव्हा अंतर कळतंय.

कान उतरायला लागून बरीच वर्षं झाली. दोन्ही कानांत मशीन आहे, पण रविवार कारंजावर उभं राहिलं की मशीन मला रिक्षांचे हॉर्न देतं, समोरच्या बाईचं बोलणं नाही. मग उरतात ओठ. जन्मभर शाळेत मराठी शिकवली, वर्णमाला डोळे मिटून म्हणेन, पण तिच्यातली खोच उतारवयात कळली. वर्ग पाडलेत ते उच्चाराच्या जागेवरून. म्हणजे एका वर्गातली अक्षरं ओठांवर जवळपास सारखी दिसणार, हे त्यातच आलं. प, ब, भ, म चौघांनाही ओठ मिटतात. (फ हल्ली बरेच जण दात ओठावर टेकवून म्हणतात, म्हणून तो वाचतो. शुद्धतावाद्यांनी मला क्षमा करावी.) भात, माठ, पाट माझ्या डोळ्यांना एकच शब्द. मामा आणि बाबा एकच माणूस.

क्यूड स्पीच ह्याच अडचणीवर बेतलेलं आहे. वॉशिंग्टनला ऐकू न येणाऱ्यांसाठी असलेल्या गॅलॉडेट कॉलेजात ऑरिन कॉर्नेट नावाचे एक गृहस्थ होते, मूळचे भौतिकशास्त्राचे. ऐकू न येणारी मुलं भरपूर वाचत असतील असं त्यांनी धरलं होतं. प्रत्यक्षात उलट निघालं, कित्येकांना इंग्रजी वाचन जड जात होतं. जी भाषा कधी धड कानावर पडली नाही ती पुस्तकात कशी ओळखीची वाटणार? म्हणून १९६६ मध्ये त्यांनी बोलण्याच्या जोडीला हात आणला. व्यंजनांसाठी हाताचे ८ आकार, स्वरांसाठी चेहऱ्याजवळच्या ४ जागा: तोंडाशी, हनुवटीशी, गळ्याशी आणि गालाच्या बाजूला. इंग्रजीच्या तक्त्यात प ला तर्जनी एकटी, ब ला अंगठा मिटून चार बोटं, म ला पाचही. झालं, तिघं वेगळे झाले.

गंमत अशी की नुसता हात बघून काहीच कळत नाही. एक बोट म्हणजे प, तसंच द सुद्धा. ओठ मिटले तर प, नाही मिटले तर द. हात आणि ओठ मिळून एक अक्षर होतं. म्हणून तर मिशांचा प्रश्न. सून इंटरनेटवरून शिकून आता बऱ्यापैकी सफाईने करते, पण ह्यांनी कितीही बोटं नाचवली तरी वरचा ओठ दिसायला हवा ना. “काढून टाकू का?” म्हणाले. लग्नाच्या फोटोपासून आहेत त्या. म्हटलं, कात्रीने थोड्या वर घ्या, तेवढं पुरे.

सवय झाली की हे चालतं, ह्याचा जुना पुरावाही आहे. १९८२ मध्ये निकोल्स आणि लिंग ह्या दोघांनी काही वर्षं क्यूच्या सहवासात असलेली, ऐकू न येणारी मुलं तपासली. आवाज बंद, नुसते ओठ आणि हात, तरी वाक्यातले महत्त्वाचे शब्द त्यांना ९५ टक्क्यांहून जास्त ओळखता आले. माझं तसं नाही, मी अजून अक्षर अक्षर लावते. पण परवा सुनेने “भात वाढू?” म्हटलं आणि मी माठाकडे बघितलं नाही, हेही नसे थोडके.

हा तक्ता मी आमच्या ब्लाउज शिवणाऱ्या मुलीला दाखवला. ती जन्मापासून ऐकत नाही. साईन लँग्वेज मी तिच्याचकडून शिकतेय, आणि रविवारी संध्याकाळी बागेत तिचा मित्रपरिवार जमतो तिथे जाऊन बसते. तिने तक्ता उलटसुलट पाहिला, भुवया आक्रसल्या आणि विचारलं, हे कोणासाठी? तिच्या भाषेत हा ‘कोण’ वाक्याच्या शेवटी येतो आणि भुवयांशिवाय तो प्रश्न पुरा होत नाही. चेहरा तिथे व्याकरणाचं काम करतो. हो-नाहीच्या प्रश्नाला भुवया वर. दोन माणसांबद्दल बोलायचं तर एकाला हवेत डावीकडे बसवायचं, दुसऱ्याला उजवीकडे, आणि मग सगळं भांडण त्या दोन जागांमध्ये चालतं. त्यात मराठी कुठेच नाही. भारतीय सांकेतिक भाषा मराठीही नाही आणि हिंदीही नाही, ती स्वतःच एक भाषा आहे. २०१५ मध्ये तिच्यासाठी दिल्लीत केंद्र सरकारची संस्था निघाली, २०२१ पर्यंत तिचा शब्दकोश १०,००० शब्दांवर गेला. संस्थेचे व्हिडिओ मी दुपारी बघते. पण बागेतली मुलं ज्या वेगाने करतात तो वेग त्यात नाही, आणि त्यांचे विनोद तर नाहीतच.

सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे हे अभ्यासाने दाखवून देणारे विल्यम स्टोकीही त्याच गॅलॉडेट कॉलेजातले. त्यांचं काम १९६० चं, कॉर्नेटच्या आधी सहा वर्षं. एकाच आवारातून दोन वाटा फुटल्या. आणि त्याच्याही आधी, १८८० मध्ये इटलीत मिलानला ऐकू न येणाऱ्या मुलांचे शिक्षक जमले आणि शाळांतून खुणा हटवून फक्त बोलणं शिकवावं असा ठराव करून मोकळे झाले. त्याची सावली किती लांब पडली बघा: आमच्या ह्या मुलीच्या शाळेतही वर्गात हात वापरू देत नसत. तिला क्यूचा तक्ता म्हणजे पुन्हा तीच शाळा वाटली असेल तर नवल नाही. मी समजावत बसले नाही.

माझ्या मनात आज हिशेब झाला तो कष्टांचा. ओठ वाचताना सगळे कष्ट माझे. समोरचा आरामात बोलतो आणि संध्याकाळपर्यंत माझं डोकं ठणकतं. क्यूमध्ये ते कष्ट बोलणाऱ्यावर जातात. सून दिवसभराचं काम करून माझ्यासाठी हात उचलते, आणि ती समोर नसली की माझा क्यूही नाही. अख्ख्या नाशकात तिच्याशिवाय माझ्याशी असं बोलणारं मला कोणी माहीत नाही. साईनमध्ये दोघांनाही सारखंच शिकावं लागतं, पण एकदा शिकलं की बागभर माणसं मिळतात. मात्र माझं डोकं मराठीतच चालतं. मला ओव्या हव्यात, नातीची बोबडी वाक्यं जशीच्या तशी हवीत, तिने ‘बोपळा’ म्हटलं तर ‘बोपळा’च हवा. ते साईन देणार नाही, तिचं ते काम नाही. उलट ब्लाउजवाल्या मुलीला मराठीतला बोपळा न मिळाल्याने काही अडत नाही. तेव्हा कोणतं चांगलं असं कोणी विचारलं तर मी आधी विचारेन, कोणासाठी? तिच्यासारख्या भुवया करून.

संध्याकाळभर सून आणि मी तक्ता मराठीला जुळवत बसलो होतो. आम्हाला आमच्या घरापुरता हवाय. भ साठी ब आणि ह लागोपाठ करायचं ठरलं, चार बोटं आणि लगेच तीन. जरा वेळ लागतो, पण चालेल. खरा गोंधळ ळ चा. ल सहा नंबरच्या आकारात आहे, तिथे ळ ठेवला तर बाल आणि बाळ एक होतील. सुनेने आठ सुचवला. त्यात य आहे, मग काय आणि काळ कसे ओळखू? शेवटी मी म्हटलं, एक नंबरमध्ये इंग्रजीतला एक उच्चार मराठीला लागतच नाही, ती जागा रिकामी आहे, तिथे बसव. ती म्हणाली, “अहो आई, तिथे द आहे. नाळ आणि नाद?” द ला जीभ दाताशी दिसते, ळ ला ती आत वळते, असं माझं म्हणणं. तिला पटलेलं नाही. उद्या ह्यांना आरशासमोर उभं करून दोन्ही शब्द म्हणायला लावणार आहोत. मिशा आज कापून झाल्यात.