तुम्ही विचारलंत म्हणून: कामाची पाळी संपल्यावर कविता कशाला?

आठ तास काम, वर लोकलचा प्रवास. एवढ्यात कविता कुठे बसवायची आणि तिने आयुष्य बदलतं तरी का? कामगार मित्र हे नेहमी विचारतात. आमचं उत्तर असं की बदलतं, पण एकट्याने वाचून क्वचितच. ऐकणारा सोबती लागतो.

कवी नारायण सुर्वे गिरणगावात वाढले, गिरणीत राबले, महापालिकेच्या शाळेत शिपाई आणि मग शिक्षक झाले. 1962 मध्ये पहिला संग्रह आला, 1995 मध्ये ते परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कवितेत कामगार वस्तीतली, चळवळीतली माणसं भेटतात, ती उगाच नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्यांनी ऐकून टिपून घेतल्या, म्हणून 1952 मध्ये पुस्तक होऊ शकलं.

तर कविता वाचण्या-ऐकण्याच्या बैठकीची सुरुवात चौघांनी करा. सात जणांच्या वर गेलात की प्रत्येकजण आपल्या वाचायच्या पाळीची वाट बघतो आणि दुसऱ्याचं ऐकणं थांबतं. पंधरवड्यातून एकदा, तासभर, पगाराच्या आसपासचा दिवस टाळून. पहिले दोन-तीन महिने स्वतःची कविता आणायचीच नाही, दुसऱ्या कवीची आणायची. कान तयार होतो आणि लाजही जाते. कविता मोठ्याने दोनदा वाचायची, दुसऱ्यांदा वाचणारा वेगळा. नंतर प्रत्येकाने एवढंच सांगायचं: कुठली ओळ मनात राहिली, कुठे लक्ष सुटलं. "वा, छान" म्हणायला बंदी. कौतुकाने कविता जागची हलत नाही, आणि माणूसही मोकळा होत नाही.

खरा बदल इथेच होतो. कामावर ज्याला दिवसभर फक्त हुकूम मिळतात, त्याचा शब्दन्‌शब्द इथे कोणीतरी लक्ष देऊन ऐकतं. आजारपण, कर्ज, घरातला ताण हे आधी ओळीत येतं, मग बोलण्यात. अशा वेळी सल्ला देऊ नका. बैठक संपल्यावर त्याच्यासोबत स्टेशनपर्यंत चालत जा.

बैठका मोडतात त्या बहुतेक तीन गोष्टींनी: हार-सत्कार सुरू होतात, एकच जाणता माणूस सगळा वेळ खातो, किंवा भेटीऐवजी नुसते व्हॉट्सअॅपवर मजकूर ढकलले जातात. जाणत्याला वेळ राखायला बसवा, त्याचं बोलणं आपोआप आवरतं. एक वही ठेवा, त्यात तारीख आणि कुणाला कुठली ओळ आवडली तेवढंच लिहा. कोणी रात्रपाळीला गेला तर वार बदला, त्याची जागा दुसऱ्याला देऊ नका.